आईचं लोणी

गुरांच्या छावणीच्या फाटकापाशी फोडलेल्या नारळांच्या करवंट्यांचा ढीग लागला होता, आणि आत म्हशींना प्यायला पाणी नव्हतं. टँकर काल आला नव्हता, आज येईल म्हणून सांगत होते. पण टँकरची वाट बघायला सवड कुणाला? रेणापूरच्या बाजूची चार गावं लोटली होती. बाया, बाप्ये, कडेवरची पोरं, सगळे टाचा उंचावून एकाच अंगाला बघत होते. तिकडून अंबादासबुवा येत होता.

येत कसला, झुलत होता. कपाळभर मळवट, गळ्यात कवड्यांची माळ, एका हातात वेताची काठी आणि दुसऱ्या हातात पितळेची वाटी. वाटीत लोण्याचा गोळा. तोंडभर देवीचे वण, इतके की गालावर बोट ठेवायला सपाट जागा नाही. कुणी त्या वणांकडे बघतंय असं दिसलं की बुवा गाल पुढे करायचा. “बघ, नीट बघ. आईनं सोताच्या नखानं कोरलंय हे तोंड!”

अण्णारावाच्या म्हशीपाशी येऊन बुवा थांबला. म्हशीची सगळी कास फोडांनी भरली होती. काही फोड फुटलेले, काहींवर काळ्या खपल्या धरलेल्या. हात लावला की म्हैस लाथ झाडायची. तिच्या मागं फिरणाऱ्या लहान पोरांच्या बोटांना तसेच फोड उठले होते, म्हणून कुणी जवळ जायला धजत नव्हतं. बुवानं काठी टाकली, उकिडवा बसला आणि उघड्या हातानं त्या फोडांवरूनच धार काढली.

“बघा रं हात! हाय का एक तरी फोड?”

“न्हाई बुवा!”

“काल काढली, परवा काढली. उठला का फोड?”

“न्हाई!”

“कामून न्हाई?”

“आईची किरपा!”

मग बुवाची गाडी सुरू झाली. ती एकदा सुरू झाली की तिला ब्रेक नव्हता. “नवा जिल्हा झाला! लातूरला कचेऱ्या झाल्या, जिपा आल्या. सायबाला हार घातले, मंत्र्याला हार घातले. आईला कुणी इच्चारलं? हद्दीचे दगड हलवले, मंग हद्दीवरच्या आईची ओटी आता कोणत्या जिल्ह्यानं भरायची? आई तिकडं माहूरच्या डोंगरावरून बघून राहिली. म्हणती, आरं अंबादास, मी आता कुण्या जिल्ह्यात? म्हणून पाऊस न्हाई! माणसातल्या देवी सरकारनं सुया टोचून हाकलल्या. मंग आईनं जावं कुठं? आली म्हशीच्या कासंत!”

म्हणजे उस्मानाबाद मोडून लातूर वेगळं काढलं, त्याचा राग जगदंबेला आला, आणि तो राग तिनं अण्णारावाच्या म्हशीच्या सडांवर काढला. ऐकणाऱ्याला हसू यावं. पण छावणीत कुणी हसत नव्हतं. आभाळाकडे बघून डोळे शिणलेल्या माणसाला पाऊस का पडत नाही याचं कुणीतरी उत्तर दिलं की बरं वाटतं. उत्तर शहाण्याचं आहे की लफंग्याचं, हे बघायची ताकद राहत नाही.

बोलणं संपवून बुवानं काठी उचलली आणि शेजारच्या दावणीवर टेकवली. “आईनं आज ही दावण मागितली.”

बस्स. त्या दावणीतल्या प्रत्येक म्हशीच्या सडांना बुवाच्या वाटीतलं लोणी लावलं गेलं. वाटी तीच आणि बोटं तीच. आताच अण्णारावाच्या म्हशीच्या फोडांवरून फिरलेली. हे आईचं लोणी. हे लावलं की आई येते, पण सौम्य येते, असं बुवाचं सांगणं. आणि खरंच, आठवडा सरायच्या आत त्या दावणीला फोड यायचे. “बोललो व्हतो का न्हाई?” बुवा म्हणायचा. एखादी म्हैस सुटली, तर “लोण्यानं राखली!” चित पडलं तरी बुवा जिंकला, पट पडलं तरी बुवाच.

आणखी वर सोवळं. आई पाहुणी आलीय, तर छावणीत साबण चालायचा नाही. पोरांना अंघोळ नाही, घरात फोडणी नाही, दवाखान्याचं औषध तर मुळीच नाही. देवीच्या आजारात हे पाळायची आपल्याकडे जुनी रीत. बुवाला नवीन काही शिकवावंच लागलं नाही. लोक आपणहून पाळायला लागले.

गर्दीच्या मागं, कडब्याच्या गंजीला टेकून, भामाबाई हे सगळं बघत उभी होती. हातात रिकामी चरवी. तिच्याही तोंडावर देवीचे वण होते, बुवाइतकेच. तिच्याकडे मात्र कुणी टाचा उंचावून बघत नव्हतं.

भामाबाई लहान असताना गावात देवी टोचणारे आले होते. तिच्या आईनं तिला कणगीत लपवलं. सुई टोचली तर देवी कोपेल म्हणून. त्याच उन्हाळ्यात भामाला देवी आल्या. पोर जगली, पण तोंड गेलं. पुढं लग्न झालं, आणि नवऱ्यानं अंतरपाट दूर झाल्यावर जे तोंड फिरवलं ते पुन्हा वळवलं नाही. वर्षाच्या आत भामा माहेरी परत आली ती कायमची. आई-बाप गेले. धाकटा भाऊ भुजंग आणि त्याची पोरगी सोजर एवढंच तिचं घर. भावजय सोजरच्या बाळंतपणातच गेली. तेव्हापासून सोजर भामाबाईच्या कुशीत. पोर आता पहिलीत जात होती. तिला आत्याचं तोंड विद्रूप आहे हे ठाऊकच नव्हतं. ती त्या वणांवर बोट फिरवत झोपायची. म्हणायची, “आत्या, तुझ्या गालाला किती खळ्या गं!”

भामाबाई हसायची. आयुष्यात तिच्या तोंडाला कुणी चांगलं नाव दिलं असेल, तर ते त्या पोरीनं.

दुष्काळात घरची म्हैस छावणीत आणून बांधली, तशी भामाबाईही तिथंच राहिली. भुजंग रोजगार हमीच्या नालाबंडिंगवर जायचा. भामाबाई घरच्या म्हशीची धार काढायची आणि चार शेर ज्वारीवर दुसऱ्यांच्या म्हशींचीही. बुवाच्या पालामागं एक म्हैस बांधलेली होती, कुणा भक्तानं वाहिलेली, तिचीही धार तीच काढायची. फोडांच्या म्हशी, बिनफोडांच्या म्हशी, सगळ्यांना तिचा हात लागायचा. तिला कधी एक फोड उठला नाही. पण त्याला चमत्कार म्हणायचं कुणाला सुचलं नाही. तिला स्वतःलाही नाही.

बुवावर तिचा विश्वास नव्हता. “माझ्या तोंडाला अवदसा म्हणत्यात आन् त्याच्या तोंडाला देऊळ,” असं ती एकदा भुजंगला बोलली होती. भुजंग चिडला. “अक्का, तुझी जीभ आवर. आई ऐकती.” मग ती चरवी उचलून धारेला गेली.

आणि तरीही.

बुवानं एक दिवस नवा हुकूम काढला. आईचं लोणी काजळात कालवायचं आणि लहान लेकरांच्या डोळ्यांत घालायचं. म्हणजे आईची नजर लेकरावर मऊ पडते. बायांनी पदराच्या टोकात लोणी बांधून नेलं. शेजारच्या पालातल्या कोंडाबाईनं आपल्यातला थोडा गोळा भामाबाईच्या तळहातावर ठेवला.

“मला नको,” भामाबाई म्हणाली.

“तुला कुठं घालायचंय? पोरीला घाल. सगळ्या लेकरांना घालूलालेत. एकट्या सोजरलाच कामून न्हाई? घातलं तर काय बिघडतं गं?”

काय बिघडतं? भामाबाईनं तळहाताकडे बघितलं. लोणी तर आहे. लोण्यानं कुणाचं काय वाईट झालंय? बुवा खोटा असेल, पण समजा, एक आणा जरी खरा निघाला, आणि आपल्या हट्टापायी पोरीला काही झालं, तर? नाहीतरी सोजरला ती रोज सकाळी काजळ घालायचीच. धार काढून यायची, पोरीला मांडीवर आडवं घ्यायची, आणि करंगळीनं दोन्ही डोळ्यांत रेघ ओढायची. त्या दिवशी काजळात लोणी कालवलं, एवढाच फरक. सोजर नेहमीसारखी डोळे मिचकावून हसली. “गार गार लागतंय आत्या,” म्हणाली.

मला ही गोष्ट सांगताना इथं थांबावंसं वाटतं. पुढं जाऊच नये असं वाटतं. पण सांगायला घेतलंय तर सांगितलं पाहिजे.

थोड्याच दिवसांत सोजरच्या अंगात ताप भरला. बोटांवर फोड उठले, आणि उजव्या डोळ्याची पापणी सुजून डोळा मिटला. काखेत गाठ आली. पोर रात्रंदिवस कण्हायला लागली. भामाबाईनं भुजंगला कामावरून बोलावून घेतलं. “दवाखान्यात नेऊ. आत्ताच.”

“आईच्या घरातून पोर उठवू न्हाई, अक्का,” भुजंग म्हणाला. पोरीवर त्याचा जीव नव्हता असं नाही. होता, म्हणूनच तो घाबरला होता. त्यानं बुवाला आणलं.

बुवानं काठीनं पालाचं तोंड उघडलं, वाकून बघितलं, आणि आणखी लोणी डोळ्यावर थापलं. पाणी लावायचं नाही, पुसायचं नाही, कडुलिंबाच्या पाल्यावर निजवायचं. भामाबाई उशाशी बसून पाल्यानं वारा घालत राहिली. भावाचं ऐकत राहिली. एकदा हळूच ओल्या फडक्यानं डोळा पुसायला गेली, तर भुजंगनं तिचा हात धरला.

काही दिवसांनी सूज उतरली आणि डोळा उघडला. बुबुळावर पांढरा ठिपका होता. आपल्याकडे त्याला डोळ्यात फूल पडलं म्हणतात. बुवानं तो ठिपका बघितला मात्र, आणि दोन्ही हात वर करून ओरडला, “आईनं फूल वाहिलं रं! पोरीच्या डोळ्यात आईनं सोताच्या हातानं फूल वाहिलं!”

बाया सोजरच्या पाया पडायला धावल्या. कुणी ओटीत नारळ टाकला, कुणी खण. पोर त्या गलबल्याला भिऊन आत्याला चिकटली. म्हणाली, “आत्या, ह्या डोळ्यानं तू दिसंना गेलीस.”

भामाबाई उठली. तिनं पोरीला खांद्यावर टाकलं, अंगावर लुगड्याचा पदर घातला आणि फाटकाकडे चालायला लागली. भुजंग आडवा आला. “अक्का, आई कोपल!”

“कोपू दे! माझ्यावर एकदा कोपून झालंय तिचं. आणखी काय करती ते बघू.”

लातूरच्या दवाखान्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून डोळा बघितला. बराच वेळ बघितला. मग बॅटरी बंद केली. म्हातारा, शांत माणूस होता. “बाई, आधी आणायला हवं होतं. पहिल्या दिवशीच. आता डावा डोळा जपू. उजव्यानं हिला उजेड-अंधार कळेल, बाकी नाही.”

भामाबाईला हे लगेच कळलं नाही. ती म्हणाली, “मंग दिसायला कधी लागंल?”

डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं. तेव्हा कळलं.

मग त्यांनी पोरीची फोड आलेली बोटं उलटीपालटी करून बघितली आणि विचारलं, घरी म्हशी आहेत का, म्हशींच्या सडांना काय झालंय, पोरीच्या डोळ्यात काय घातलं होतं. भामाबाईनं सगळं सांगितलं. लोण्याचंही. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली आणि म्हणाले, “ही घेऊन गुरांच्या दवाखान्यात जा. छावणीत आणखी लेकरं आहेत.”

गुरांच्या दवाखान्यात नवी डॉक्टर आली होती. नवा जिल्हा झाल्यावर जी पदं निघाली, त्यातली एक. पंचशीला सूर्यवंशी. तिशीच्या आतली, दोन वेण्यांची एक वेणी नुकतीच झाली असावी अशी दिसणारी. ढोराच्या डॉक्टरकीला बाई, आणि तीही बौद्धवाड्यातली, म्हणून गावोगावी नाकं मुरडली जायची. ती त्याकडे बघायची नाही. तिनं चिठ्ठी वाचली, सोजरच्या डोळ्याकडे बघितलं, आणि जीपमध्ये औषधाची पेटी टाकली.

वाटेत भामाबाईनं तिला विचारलं, “बाई, मी रोज त्याच म्हशी पिळते. मला का न्हाई झालं?”

पंचशीलानं तिच्या तोंडाकडे बघितलं. मग शांतपणे सगळं समजावून सांगितलं. रेणापूरचा फाटा येईपर्यंत भामाबाई ऐकत होती. फाटा आला तेव्हा तिनं एकदाच विचारलं, “म्हणजे माझ्याच हातानं गेलं?”

पंचशीलाला खोटं बोलता आलं असतं. ती म्हणाली, “हो आत्या. पण तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.”

भामाबाईनं दोन्ही हात पदराखाली घेतले. सोजर तिच्या मांडीवर झोपली होती.

छावणीत आरतीची वेळ होती. ऊन अजून होतं, पण निवलेलं. अण्णारावाच्या म्हशीपाशी तीच गर्दी, तोच बुवा, तीच वाटी. भुजंग पुढं होता, हात जोडून. जीप बघून बुवानं सूर चढवला. “आली सरकारची सुई आली! आईच्या आड येणाऱ्याच्या हाताला फोड उठत्याल. हाय का कुणाची छाती ह्या म्हशीला हात लावायची?”

“माझी हाय,” सोजरला जीपमध्ये निजवून उतरलेली भामाबाई म्हणाली.

गर्दीनं वाट दिली, ती तिच्या मानासाठी नाही, नवलानं. भामाबाई म्हशीखाली बसली. हलक्या हातानं, म्हशीला दुखणार नाही अशी, तिनं चार धारा काढल्या आणि दोन्ही तळवे वर केले.

“रोज काढते. सगळ्यांच्या म्हशींच्या काढते. बघितलंय न्हवं तुम्ही? एक फोड उठला न्हाई. मंग मलाही ओवाळा की! कोंडाबाई, आण ताट. लाव मळवट.”

कुणीतरी फिसकन् हसलं. बुवा भडकला. “नवऱ्यानं टाकलेली अवदसा ही! हिचं ऐकता?”

“अंबादास,” भामाबाई म्हणाली. बुवा नाही, नुसतं अंबादास. “तुझ्या तोंडावर जे हाय तेच माझ्या तोंडावर हाय. तुझं आईनं कोरलं आन् माझं काय उंदरानं कुरतडलं? लहानपणी तुला देवी आल्या, मला बी आल्या. ज्याला एकदा आल्या त्याला परत येत न्हाईत. तुझ्या हातात आई न्हाई. तू लहानपणी मरता मरता वाचलास, एवढंच हाय तुझ्या हातात.”

आता पंचशीला पुढं झाली. “मंडळी, बाह्या वर करा. बाप्ये, बाया, सगळे. दंडावर, मनगटाच्या वर, देवी टोचल्याचे वण शोधा.”

लोक एकमेकांकडे बघत बाह्या सारायला लागले. अण्णारावाच्या दंडावर रुपयाएवढे दोन गोल वण होते. भुजंगच्याही. कोंडाबाईच्याही.

“आता ज्यांच्या हाताला फोड आलेत त्यांना पुढं आणा.”

पुढं आली ती सगळी लेकरं. पंचशीलानं एकेकाचा दंड सगळ्यांना दाखवला. कोवळे, स्वच्छ दंड. एकावरही देवीचा वण नाही.

“माणसातल्या देवी देशातून गेल्या, म्हणून टोचणं बंद झालं. ही लेकरं त्यानंतर जन्मली. हा म्हशीच्या देवीचा रोग आहे, माणसाच्या देवीचा चुलतभाऊ. डोळ्यांना न दिसणारा जंतू असतो. फोडातल्या पाण्यात आणि खपलीत राहतो. ज्याला देवी येऊन गेल्या किंवा टोचल्या, त्याला सहसा धरत नाही, धरला तर एखाद्या फोडावर निभावतं. पण त्याच्या हातावर बसून दुसऱ्याच्या अंगावर मात्र जातो. एका म्हशीची धार काढून हात न धुता दुसरीला लावला की गेला. आणि ही वाटी...” तिनं वाटीतलं लोणी काडीनं उकरलं. काडीच्या टोकाला काळी खपली चिकटून आली. तिनं ती उन्हात धरली. “ही अण्णारावांच्या म्हशीची. काल कुठल्या दावणीला लोणी लावलं? पुढच्या आठवड्यात तिथं फोड येतील. हे सांगायला अंगात यावं लागत नाही. ज्यानं पेरलं त्याला कुठं उगवणार ते ठाऊक असतंच.”

“खोटं!” बुवा ओरडला. “लोण्यानं आई सौम्य व्हती! रोग न्हाई, पाहुणचार हाय!”

भामाबाई उठली. म्हशीच्या अंगावरून हात फिरवून, मग ते धुऊन ती बुवाच्या पालामागं गेली आणि तिथली म्हैस सोडून सगळ्यांसमोर घेऊन आली. धष्टपुष्ट म्हैस. कास नितळ, एक ओरखडा नाही.

“ही ह्याची. मी धार काढते हिची, पर कशी? ह्यानं मला ताकीद दिली व्हती. आधी राखेनं हात घासायचे, ऊन पाण्यानं धुवायचे, मंग हिला शिवायचं. मला वाटलं, सोवळं हाय. सगळ्या छावणीला साबण बंद, आन् ह्याच्या म्हशीला हात धुऊन! साऱ्या दावणींना लोणी लावलं, हिला कधी लावलं न्हाई.” तिनं वाटी उचलून बुवापुढं धरली. “लाव. सगळ्यांच्या देखत हिच्या सडांना लाव लोणी.”

बुवाचा हात पुढं आला नाही. “ही आईची म्हैस. तिला गरज न्हाई.”

“गरज नसंना का. लावलं तर काय बिघडतं?”

बुवाची नजर म्हशीच्या कासेवर गेली, तिथून फाटकाकडं गेली. भर गर्दीत तो माणूस आपल्या म्हशीला आपलंच लोणी लावायला भीत होता, आणि हे छावणीतल्या प्रत्येकाला दिसलं. शिकलेल्याला दिसलं, अंगठेबहाद्दराला दिसलं.

“लाव की बुवा,” अण्णाराव म्हणाला. त्याचं रेडकू पान्हा न मिळून चार दिवसांपूर्वी मेलं होतं. “लाव की. काय बिघडतं?”

मग सगळीकडूनच ते सुरू झालं. काय बिघडतं, काय बिघडतं. बुवानं काठी टाकली. मळवट घामानं ओघळला होता. “गवळ्याकडं कामाला व्हतो,” तो पुटपुटला. “तिथं बघितलं व्हतं, हाताहातानं पसरतं. लेकरांच्या डोळ्याचं मला ठाव नव्हतं. आईची आण, ठाव नव्हतं.”

लोक धावून गेले. पोलीस पाटील आणि पंचशीला मधे पडले नसते, तर त्याचं तिथंच बरंवाईट झालं असतं. त्याला जीपमध्ये बसवून ठाण्यात नेलं. पुढं त्याचं काय झालं ते सांगण्यात मला रस नाही. असल्यांना दुसरं गाव मिळतंच.

भामाबाई त्या मारामारीत नव्हती. ती कडब्याच्या गंजीशी सोजरला घेऊन बसली होती. भुजंग आला आणि तिच्यासमोर मटकन् खाली बसला. “अक्का, मी तुझा हात धरला. डोळा पुसूलालीस तर मी हात धरला.”

“आन् काजळ कुणी घातलं रं?” भामाबाई म्हणाली. आणि मग ती रडली. नवऱ्यानं घालवली तेव्हा रडली नव्हती, आई-बाप गेले तेव्हाही एवढी रडली नव्हती. ज्या हातांना काही होत नव्हतं त्या हातांकडे बघून ती रडली. सोजर तिच्या गालावरच्या खळ्यांतलं पाणी पुसत होती.

छावणीच्या फाटकाशी नारळांच्या ढिगाऐवजी पिंप ठेवलं गेलं, जंतू मारणाऱ्या पोटॅशच्या लाल पाण्याचं. शेजारी साबणाची वडी. फोडांच्या म्हशी वेगळ्या बांधल्या. त्यांची धार सगळ्यांत शेवटी काढायची आणि प्रत्येक म्हशीनंतर हात धुवायचे, असं पंचशीलानं शिकवलं. लेकरांना तिकडं फिरकू दिलं नाही. महिन्याभरात फोड वाळले, नवे आले नाहीत. कुणाला ओवाळावं लागलं नाही.

सोजरचं फूल मात्र तसंच राहिलं.

पुढच्या साली थोडा पाऊस झाला. भामाबाई म्हैस घेऊन गावी आली. एकदा रेणापूरच्या बाजारात तिला एक बाई भेटली. कडेला तान्हं पोर, पोराच्या पायाला चिघळलेली जखम, आणि जखमेवर लावायला बाई कुठल्यातरी महाराजाचा अंगारा घेऊन निघालेली. भामाबाईनं थांबवलं तर ती बाई चांगल्या मनानं म्हणाली, “अवं बाई, दवाखान्यात नेणारच हाय की नंतर. आधी हे लावलं तर काय बिघडतं?”

सोजर आत्याचं बोट धरून उभी होती. डाव्या डोळ्यानं बघायला ती सगळी मान वळवते. तिनं तशी मान वळवून त्या तान्ह्याकडं बघितलं आणि हसली. बाईनं तिचा डोळा बघितला आणि दचकली.

“बिघडतं गं बाई,” भामाबाई म्हणाली. “मी बी असंच म्हणले व्हते. माझा विश्वास नव्हता, तरी म्हणले, घातलं तर काय बिघडतं. देव मान, न्हाईतर नको मानू, मला त्याचं काय न्हाई. पर आजाराला आई म्हणलं की आपण हात जोडतो, आन् तवा हात धुवायचे असत्यात. कुणी काही लाव म्हणलं, तर आधी त्याला इच्चार, तू सोताच्या लेकराला लावशील का? फेक ती पुडी. दवाखाना इथंच हाय, मी येते संगट.”

बाई पुडी हातात धरून उभीच राहिली. भामाबाईनं तिच्या हातातून पोर घेतलं नाही. आधी हापशाशी गेली, साबणाची चकती कनवटीला असायचीच, कोपरापर्यंत हात धुतले, नखं घासली, पदराला न पुसता वाऱ्यावर वाळवले. मग हात पुढं केले.

“दे इकडं लेकरू,” ती म्हणाली, आणि तिघी दवाखान्याच्या रस्त्याला लागल्या.